निष्कांचन कर्मयोगी श्री गाडगेबाबा

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होऊन कलशारोहणाचा मंगल सोहळा पार पडत असताना निघणाऱ्या या स्मरणिकेत श्री गाडगेबाबांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न गावातील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. बाबा देवळात जात नसत. पंढरीची वारी त्यांनी वर्षानुवर्षे केली, पण विठोबाच्या गाभाऱ्यात ते गेले नाहीत. लाखो वारकरी दर्शनबारीत उभे असताना हा माणूस चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असे. दगडाच्या देवापुढे नवससायास करणाऱ्यांची त्यांनी कीर्तनातून भरपूर थट्टा केली आणि देवापुढे कोंबडे-बकरे कापणाऱ्यांना तर चांगलेच फैलावर घेतले. अशा पुरुषाला मंदिराच्या स्मरणिकेत मानाचे पान द्यावे, हे वरवर पाहता विसंगत वाटते.

पण आपण नाशिककर माणसे गोदावरीवर स्नानाला जातो तेव्हा रामकुंडाच्या परिसरात त्यांच्या नावाची धर्मशाळा दिसते, त्यांच्या नावाचा पूलही दिसतो. देवळात न जाणाऱ्या या माणसाने देवाला येणाऱ्या माणसांची सोय मात्र जन्मभर पाहिली. आपल्या जिल्ह्यातील फार थोड्या गावांत असे घर असेल की ज्यातील कोणी वडीलधारे दशक्रियेसाठी, पर्वणीसाठी किंवा सिंहस्थासाठी गोदाकाठी गेले असता अशा धर्मशाळेच्या आसऱ्याला थांबले नसतील. म्हणून मंदिरासाठी ज्यांनी पदरमोड केली, श्रमदान केले, त्यांनी हे चरित्र एकदा वाचावे असे वाटते. वर्गणी कशी गोळा करावी, ती कशावर खर्च करावी आणि स्वतःसाठी किती ठेवावे, हा हिशेब बाबांइतका कोणी मांडला नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात बाबांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर आणि आई सखुबाई. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते आणि दख्खनचे दंगे म्हणून ते प्रकरण सरकारदरबारी गाजले होते. वऱ्हाडची कथा काही फार निराळी नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६० नंतरच्या चार-पाच वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडी कुणब्याच्या हातात पैसा खेळू लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, सवयी मात्र तशाच राहिल्या. गावोगाव सावकाराची वही जाड होत गेली. डेबूजी जन्मला तो अशा काळात.

झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. देवाच्या नावाने बकरे कापायचे आणि पंगतीबरोबर दारू प्यायची हा त्या वेळच्या जातभाईंचा रिवाज होता, आणि रिवाजाने लागलेली दारू रिवाजापुरती थांबली नाही. त्यापायी घर बुडाले आणि अखेर देहही गेला. डेबू तेव्हा अगदी लहान होता. सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी भावाच्या आश्रयाला आल्या. मामा चंद्रभानजी शेती करून होते. भाच्याने गुरे राखली, मोट हाकली, नांगर धरला. ज्या कामाला हात घालावा ते नेटाने करावे असा त्याचा स्वभाव. गोठा झाडायचा तर असा की पाहणाऱ्याने पाहत राहावे. पुढे ज्या खराट्याने बाबांना महाराष्ट्र ओळखू लागला तो खराटा त्यांनी वैराग्य आल्यावर हाती घेतला नव्हता, तो दापुऱ्याच्या गोठ्यापासूनच हातात होता.

मामांच्या जमिनीवर पुढे सावकाराची दृष्टी गेली. चरित्रकार सांगतात की मामांनी विश्वासाने अंगठे उठवले, भरलेल्या रकमांच्या पावत्या घेतल्या नाहीत, आणि एके दिवशी सावकाराच्या कागदाने शेताचा घास घेतला. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. ताबा घ्यायला माणसे आली तेव्हा तरणाबांड डेबूजी शेतात आडवा उभा राहिला आणि सावकाराला नमते घ्यावे लागले, अशीही हकीकत चरित्रांतून आहे. बापाला दारूने नेले आणि मामाला कर्जाने. पुढली पन्नास वर्षे बाबांनी कीर्तनात जे सांगितले त्याचे मूळ या दोन मरणांत आहे असे आम्हांस वाटते. साधे राहा, हे त्यांनी कोणत्या पोथीतून उचलले नव्हते. जास्तीच्या हौसेची किंमत शेवटी कोण मोजतो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

१८९२ साली डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली, तिच्या बारशाला जातभाई जमले. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी साफ नकार दिला आणि गोडधोडाची पंगत वाढली. जातभाई संतापले, कुरकुर झाली, पण हा गडी बधला नाही. आज वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटते. ज्याला भावकीत राहायचे आहे, ज्याच्या मुलीला पुढे याच भावकीत द्यायचे आहे, त्याने भर मांडवात रिवाज मोडणे किती अवघड असते हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. मोठमोठ्या सभांतून सुधारणा सांगणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या घरच्या कार्याला कात्री लावणारे थोडे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. घरी म्हातारी आई, पत्नी आणि लेकरे होती. हा भाग वाचताना आमच्या माताभगिनींना हळहळ वाटेल आणि तशी ती वाटावीच. बाबांच्या त्यागाचे गुणगान करताना सखुबाई आणि कुंताबाई यांनी काय सोसले हे बहुतेक चरित्रे दोन ओळींत उरकतात. त्या दोघींविषयी पुढे लिहिलेच आहे.

त्यानंतरची बारा वर्षे ते गावोगाव हिंडले. अंगावर नाना रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि खराटा, आणि डोक्यावर मातीचे फुटके गाडगे. ऊन लागले तर ते गाडगे टोपी, भूक लागली तर तेच ताट आणि तहान लागली तर तोच पेला. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कुठे चिंधेबुवा म्हणत, कुठे लोटके महाराज. स्वतःचे नाव त्यांनी कोणाला आवर्जून सांगितले नाही.

त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. गावात शिरायचे ते झाडतच. पांदणीतले काटे काढायचे, गटारे मोकळी करायची, चिखलात रुतलेली गाडी दिसली की खांदा द्यायचा, कुणाची लाकडे फोडून द्यायची. मग भाकरी मागायची, आणि तीही शिळी चालेल असे सांगून. काम केल्यावाचून घास घ्यायचा नाही हा नेम. कोणी पक्वान्नाचे ताट पुढे केले तर ते बाजूला सारून कोरडी भाकरी आणि चटणी मागून घेत. कोणी भक्तिभावाने घोंगडी अगर धोतरजोडी दिली तर संध्याकाळपर्यंत ती कुणा आंधळ्या-पांगळ्याच्या अंगावर गेलेली असे. कोणी पाया पडू लागला तर ते पडू देत नसत. गळ्यात हार घालून घेणे त्यांना आवडत नसे. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत, आणि या सांगण्यात त्यांनी अखेरपर्यंत पळवाट ठेवली नाही. रात्री गावकरी जमले की कीर्तन होई.

त्यांचे पहिले मोठे बांधकाम अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे झाले. गावाचे नावच किती बोलके आहे पाहा. कर्जाने ज्याच्या घरादाराची धूळधाण झाली त्याने कामाचा आरंभ ऋणमोचनात करावा हा योगायोग म्हणावा लागेल. पौष महिन्यातील रविवारी तिथे यात्रा भरते. नदीचा उतार निसरडा, चिखलाचा. स्नानाला उतरणारी म्हातारीकोतारी माणसे घसरून पडत. बाबांनी आधी स्वतः माती टाकून वाट नीट केली आणि मग लोकांच्या मदतीने १९०८ साली घाट बांधवला. तेव्हापासून हे चक्र सुरू झाले ते थांबले नाही.

पंढरपूरला वारीच्या दिवसांत गरिबांचे फार हाल होत. पैसेवाल्यांना वाडे मिळत, बाकीचे पावसात भिजत. त्यातही ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत त्यांना पैसे देऊनही कोठे आडोसा मिळत नसे. चोखोबाच्या वंशजांनी चोखोबाच्या पंढरीत उघड्यावर पडून राहावे हे बाबांना सहन झाले नाही. १९१७ साली त्यांनी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. मराठा समाजासाठी आणि परीट समाजासाठीही पंढरपुरात धर्मशाळा झाल्या. जातवार धर्मशाळा कशाला, असे आजच्या तरुणाला वाटेल. जातिभेदावर कोरडे ओढणाऱ्या बाबांना ते वाटले नसेल असे नाही. परंतु सर्वांनी एका छपराखाली निजायला तो समाज तयार नव्हता, आणि समाज तयार होईपर्यंत माणसांना पावसात ठेवायला बाबा तयार नव्हते. चोखामेळा धर्मशाळेची ती इमारत त्यांनी पुढे १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तिचा उपयोग मुलांच्या शिक्षणासाठी व्हावा एवढीच अपेक्षा होती.

नाशिकची धर्मशाळा याच मालिकेतील. देहू, आळंदी, पंढरपूर आणि नाशिक अशा ठिकाणी बाबांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. नाशिकला येणारा यात्रेकरू बहुधा दुःखी यात्रेकरू असतो. घरातले माणूस गेलेले, अस्थी घेऊन आलेला, खिशात मोजके पैसे. अशा माणसाला डोक्यावर छप्पर आणि पोटाला घास विनासायास मिळावा यापरते पुण्य कोणते. याच नाशिकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह डॉ. आंबेडकर आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत चालला. देवळाचे दार माणसाला बंद असणे म्हणजे काय हे आपल्या शहराने जवळून पाहिले आहे. बाबा देवळात का जात नसत याचे उत्तर शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता पैशाविषयी. स्मरणिकेच्या वाचकांत देणगीदार पुष्कळ असल्याने हा भाग जरा विस्ताराने लिहितो. बाबांनी उभ्या केलेल्या इमारतींना त्या काळात लाखो रुपये लागले. परंतु कीर्तनाची बिदागी म्हणून त्यांनी कधी पैसा घेतला नाही आणि देणगीचा पैसा स्वतःजवळ बाळगला नाही. ज्याची ऐपत असेल त्याने द्यावे. कोणी दगड द्यावा, कोणी चुना, कोणी लाकूड, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने अंगमेहनत द्यावी. रक्कम जायची ती कामाच्या ठिकाणी आणि हिशेब राहायचा तो विश्वस्तांकडे. इमारत पुरी झाली की तिचा रीतसर ट्रस्ट करायचा आणि आपण खराटा घेऊन पुढच्या गावी चालू लागायचे. स्वतः बांधलेल्या धर्मशाळेच्या पक्क्या खोलीत त्यांनी आपला मुक्काम केला नाही. कुठेतरी बाहेर, झाडाखाली किंवा झोपडीत ते पथारी टाकीत.

हीच कडक शिस्त त्यांनी घरच्यांनाही लावली. सखुबाई आणि कुंताबाई यांनीही दिवस काढले ते झोपडीत. ज्यांच्या मुलाने आणि पतीने हजारोंच्या निवाऱ्याची सोय केली त्या बायका स्वतः कुडाच्या भिंतीत राहिल्या. लोकांच्या पैशाने बांधलेल्या छपराखाली आपल्या घरच्यांनी सुखाने निजणे बाबांना मंजूर नव्हते. आपल्या कुटुंबीयांचा अगर नातलगांचा या संस्थांवर कसलाही हक्क राहणार नाही असे त्यांनी कागदावर लिहून ठेवले. एवढी कठोरता योग्य होती काय, याबद्दल दोन मते होतील. आमच्या मते म्हाताऱ्या आईला एक पक्की खोली दिली असती तर कोणाच्या पोटात दुखले नसते. परंतु सार्वजनिक पैशात एकदा आईसाठी फट पडली की तिच्यातून पुढे मेहुणे आणि पुतणे शिरतात, हे बाबांना कळत होते, आणि आपल्यालाही ते गावोगावच्या सोसायट्या आणि ट्रस्ट पाहून कळलेले आहे.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता मुलगा गोविंद वारल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. जगात रोज कितीकांची लेकरे जातात, त्यात आपले वेगळे काय, अशा अर्थाचे बोलून ते पुढे चालू झाले. कुंताबाईंनी त्या दिवशी काय केले असेल हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

बाबांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. कीर्तन मात्र असे करीत की शहरातले पदवीधरही तास न् तास जागचे हलत नसत. वऱ्हाडी बोली, ओळखीची उदाहरणे आणि मुख्य म्हणजे सवालजबाब. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि हजारोंच्या तोंडून उत्तर वदवून घेत. माणूस आपल्याच तोंडाने कबूल करून बसे आणि मग त्याला पळता येत नसे. विषय ठरलेले. दारू पिऊ नये. देवाच्या नावाने प्राणी मारू नये. शिवाशीव पाळू नये. सणासाठी आणि लग्नासाठी कर्ज काढू नये. मुलांना शाळेत घालावे. शिक्षणाला पैसा नसेल तर घरातली भांडी मोडावीत, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोने स्वस्तातले लुगडे नेसावे, पाहुण्यांचा सरबराईचा खर्च कमी करावा, परंतु पोराची शाळा चुकवू नये, असा त्यांचा आग्रह होता. गोरगरिबांच्या पंगतीसाठी ते स्वतः हजारोंची अन्नदाने घडवीत. मग लग्नाच्या पंगतीवर त्यांचा राग का? तर अन्नदानात उपाशी जेवतो, आणि लग्नाच्या पंगतीत बहुधा जेवून आलेलाच पुन्हा जेवतो.

हे सारे ऐकताना एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. शेतकऱ्याचे कर्ज केवळ हौसेपायी होते असे नाही. तेव्हा पाऊस, सारा आणि सावकार होता. आज आपल्या निफाड-दिंडोरी-चांदवड भागात द्राक्षबागेला एका अवकाळी गारपिटीने वर्षाची मेहनत मातीत जाते आणि लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव एका आठवड्यात उतरतो. त्यावर साधेपणाचा उपाय सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होईल. बाबा त्याविषयी बोलत नव्हते. आभाळ आणि बाजार आपल्या हाती नाहीत. मांडव किती मोठा घालायचा हे आपल्या हाती आहे. तेवढ्याविषयीच ते बोलत आणि तेवढे मात्र सोडीत नसत.

आपल्या आजच्या जगण्याकडे त्या नजरेने पाहिले तर काय दिसते? आपल्या आजोबांच्या काळी दारातल्या मांडवात लग्न लागे, भावकीतल्या बाया स्वयंपाक करीत आणि गावकरी वाढपी असत. आता गावाबाहेर लॉन्स झाले. केटरर, डीजे, शूटिंग, फटाके आणि चार रस्त्यांवर शुभेच्छांचे फलक. साखरपुड्याचा खर्च पूर्वीच्या लग्नाएवढा आणि हळदीचा खर्च पूर्वीच्या साखरपुड्याएवढा. ज्याच्याकडे आहे त्याने करावे असे कोणी म्हणेल. पण गावात एकाने केले की पुढच्याला तेवढे करावेच लागते, आणि तिसऱ्याला त्यासाठी पतपेढीची पायरी चढावी लागते. ज्याच्याजवळ आहे त्याने हात आखडता घेतला तर ज्याच्याजवळ नाही त्याची इभ्रत वाचते. बाबांचा रोख याच माणसावर होता. गरिबाला साधे राहा म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही, तो साधा राहतोच. कीर्तनात पुढच्या रांगेत बसलेल्या शेठ-सावकारांकडे पाहून बाबा जे बोलत ते आजही पुढच्या रांगेतल्यांनीच ऐकायचे आहे.

घरातल्या वस्तूंचेही तेच. हप्त्यावर आलेली मोटारसायकल शेतीला उपयोगी पडते हे खरे, पण दोन वर्षांनी दुसरी आणि तिसऱ्या वर्षी नवा मोबाइल हे हप्ते शेतातून निघत नाहीत. बाबांचे गाडगे आपण डोक्यावर घ्यावे असे कोणी म्हणत नाही. बाबांनाही ते अपेक्षित नव्हते, चिंध्या नेसा असा उपदेश त्यांनी कोणालाही केला नाही. लोकांनी स्वच्छ कपडे घालावेत, घर-अंगण झाडून घ्यावे, लेकरांना न्हाऊमाखू घालावे असेच ते सांगत. त्यांचा साधेपणा म्हणजे ओंगळपणा नव्हता. एका गाडग्याला तीन उपयोग होते, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

आणि मंदिराविषयीही थोडे. आपल्या मंदिराच्या कामात ज्यांनी पावती फाडली त्यांची नावे या स्मरणिकेच्या मागील पानांवर आहेत आणि ती असावीत. ज्यांनी वाळू चाळली, पाणी मारले, उन्हात दगड उचलले त्यांची सर्वांची नावे देणे शक्य झालेले नाही. भंडाऱ्याच्या दिवशी पत्रावळी उचलणारी पोरे आणि मांडवामागे उष्टी काढणाऱ्या बाया यांचेही तसेच. बाबा आज आपल्या गावी आले असते तर कलशाकडे त्यांनी पाहिले असते की नाही हे सांगता येत नाही. मंडपाच्या मागल्या बाजूला पडलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यांकडे मात्र त्यांचे लक्ष नक्की गेले असते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपण उठण्याआधी ती जागा झाडून झालेली असती. मंदिरात यात्रेकरूंसाठी पाण्याची सोय आहे का, परगावच्या म्हाताऱ्या माणसाला टेकायला ओटा आहे का, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का, शाळेतल्या पोरांना परीक्षेच्या दिवसांत सभामंडपात अभ्यासाला बसू देणार की नाही, हे प्रश्न त्यांनी विचारले असते. यातील काही गोष्टी झाल्या आहेत, काही राहिल्या आहेत. कमिटीने आणि देणगीदारांनी त्यांचा विचार करावा अशी या निमित्ताने नम्र विनंती आहे.

उतारवयातही बाबांचे हिंडणे थांबले नाही. शिक्षणावरची त्यांची श्रद्धा पाहून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले. निरक्षर माणसाच्या नावाचे महाविद्यालय! मुंबईत मोठ्या इस्पितळांत खेड्यापाड्यांतून रोगी येतात आणि त्यांचे नातलग फुटपाथवर निजतात हे पाहून जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला गेलेल्या आपल्या भागातील कित्येक कुटुंबांना पुढे दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आधाराची ठरली आहे. यात्रेकरूंपासून सुरू झालेले काम रोग्यांपर्यंत आले, कारण बाबांच्या लेखी दोघेही सारखेच परगावी अडलेले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन या सर्व संस्थांना एक घर मिळाले. १९७७ साली डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केलेला चित्रपट आला तेव्हा गावोगावच्या तंबूंतून लोकांनी तो डोळे पुसत पाहिला. २०००-०१ साली शासनाने ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्या नावाने सुरू केले आणि बक्षिसाच्या निमित्ताने का होईना, पुष्कळ गावांनी खराटा हातात घेतला.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. आवाज थकलेला, पण प्रश्न तेच आणि लोकांकडून उत्तर काढून घेण्याची हातोटी तीच. पुढे ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. बाबांना तो घाव फार लागला असे सांगतात. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच बाबांनी देह ठेवला. घर सोडल्यापासून जो माणूस कोठेच फार काळ थांबला नाही तो गेलाही रस्त्यावरच.

जेथे मरण येईल तेथेच अंत्यविधी उरकावा, मागे मूर्ती, समाधी, स्मारक किंवा मंदिर काही बांधू नये, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. परंतु लोकांनी देह अमरावतीला नेला. तेथे आज गाडगेनगरात त्यांची समाधी आहे, मंदिर आहे, आणि दर वर्षी २० डिसेंबरच्या सुमारास भाविकांची रीघ लागते. ज्या दिवसांत ही गर्दी असते त्या दिवसांत आवार झाडायला माणसे कमी पडत नाहीत.